पोलिसांनी गोळी घालून जीव घेणं नेमकं कधी योग्य?

अनिकेत_स

२३ सप्टेंबर २०२४ ला बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचार प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्या रात्री माझ्या ओळखीच्या बहुतेकांनी 'बरं झालं' म्हटलं. पोलिसांचं म्हणणं असं, की त्याने अधिकाऱ्याचं पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या आणि मग स्वसंरक्षणासाठी त्याच्यावर गोळी झाडावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल मुंबई उच्च न्यायालयासमोर आला, त्यात गाडीतल्या पाच पोलिसांना मृत्यूला जबाबदार धरलं होतं. चौकशी अहवाल म्हणजे निकाल नव्हे, हे मान्य. पण 'बरं झालं' म्हणणाऱ्या कुणालाही गाडीत काय घडलं हे जाणून घ्यायचंच नव्हतं. मला त्याचा त्रास झाला.

म्हणून इथे विचारतोय. कोयता घेऊन कुणी गर्दीत घुसला तर पोलिसांनी गोळी झाडावी, यावर वाद नसावा. पण नि:शस्त्र चोर पळत असेल तर? माणूस आधीच ताब्यात असेल तर? समोर दगड मारणारा जमाव असेल तर?

माझं मत स्पष्ट आहे. त्या क्षणी कुणाचा तरी जीव जाणार असेल आणि तो वाचवायला दुसरा मार्ग उरला नसेल, तरच. समोरच्याने काल काय केलं याचा त्या गोळीशी संबंध नाही. तुम्हाला काय वाटतं?

रानवारा

सहमत. शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची आहेत.

मृण्मयी_क

मी असहमत, आणि मनापासून असहमत.

माझ्या मैत्रिणीच्या मुलीवर अत्याचार झाला, ती केस आम्ही जवळून पाहिली. तारखेला आरोपीची माणसं समोरच्या बाकावर बसून त्या मुलीकडे टक लावून बघायची. आरोपीचा वकील आला नाही, पुढची तारीख. न्यायाधीश रजेवर, पुढची तारीख. एकदा तिची साक्ष अर्ध्यावर थांबली आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून तेच प्रश्न. पोरगी शाळेतून कॉलेजात गेली, केस तिथेच. तिची आई मला म्हणाली होती, 'त्याला कुणी मारून टाकलं असतं तर आमची या पायऱ्यांवरून तरी सुटका झाली असती.' मी तिला काय सांगायला हवं होतं? की त्या आरोपीच्या जिवाला कायद्याचं संरक्षण आहे?

'काल काय केलं याचा संबंध नाही' हे वाक्य त्या आईसमोर म्हणून दाखवा.

धनुष_पाटील

मृण्मयीताईंना +१. २०१९ मध्ये हैदराबादला एका डॉक्टर मुलीवरच्या बलात्काराचे आरोपी चकमकीत मारले गेले तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली होती. लोक वेडे नव्हते, थकलेले होते.

ॲड_शर्वरी

मृण्मयीताई, तुमच्या मैत्रिणीचा प्रश्न खरा आहे आणि त्याकडे मी परत येणार आहे. आधी धाग्यातल्या प्रश्नाला कायदा काय म्हणतो ते सांगते, कारण याबद्दल खूप गैरसमज आहेत.

पोलिसांना 'मारण्याचा' म्हणून वेगळा अधिकार आपल्या कायद्यात नाही. स्वसंरक्षणाचा जो हक्क तुम्हाला-मला आहे तोच त्यांना आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जिवावर बेतण्याची रास्त भीती असेल तर समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. पण बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. हल्लेखोर खाली पडला, हत्यार हातातून सुटलं, की हक्क तिथे संपला. त्यानंतरची गोळी बचावाची नाही.

दुसरी तरतूद अटकेची. आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये आहे. अटकेला विरोध झाला तर आवश्यक ते सगळे मार्ग वापरता येतात, पण ज्याच्यावर मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याचा जीव घेण्याचा अधिकार या कलमाने मिळत नाही. पुष्कळ लोक, काही पोलीससुद्धा, हे उलटं वाचतात. 'म्हणजे जन्मठेपेचा आरोप असेल तर मारता येतं.' तसं नाही. तिथेही अटक करण्यासाठी ते खरोखर आवश्यक होतं हे दाखवावं लागतं. जो बेडीत आहे त्याला अटक करायची शिल्लकच नसते.

तिसरं, गोळी झाडल्यानंतरचं. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसं मेली. त्यावरून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने लढलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ सूचना दिल्या. गुन्हेगारांच्या हालचालीची खबर लेखी नोंदवायची. मृत्यू झाला की एफआयआर. तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याकडे, त्याच टीमकडे नाही. दंडाधिकारी चौकशी. झाडलेली शस्त्रं तपासणीसाठी जमा. आणि चकमकीनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक नाही. हा निकाल २३ सप्टेंबर २०१४ चा. अनिकेत, तुझ्या पहिल्या ओळीतली तारीख बरोबर दहा वर्षांनंतरची आहे.

अनिकेत_स

हे माहीत नव्हतं. अंगावर काटा आला.

निवृत्त_फौजदार

मी पोलीस खात्यातून उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. एरवी इथे फक्त वाचतो, आज लिहितो.

बाहेरच्यांना वाटतं पोलिसाला गोळी झाडायची हौस असते. साहेब, एका राउंडचा, म्हणजे एका गोळीचा, हिशोब द्यावा लागतो. ऐन पावसाळ्यात दरोडेखोरांच्या मागे असताना आमच्या एका शिपायाने थ्री नॉट थ्री रायफलमधून एक राउंड झाडला. कुणाला लागला नाही. ते लोक पळून गेले आणि आम्ही पहाटेपर्यंत चिखलात बॅटऱ्या मारत रिकामी पुंगळी शोधत होतो. पुंगळी जमा केल्याशिवाय शस्त्रागारात हिशोब लागत नाही. मग स्टेशन डायरीला नोंद, पंचनामा, वरिष्ठांना अहवाल. त्या शिपायाचे हात सकाळी चहा घेतानाही थरथरत होते. माणूस मारणं सोपं नसतं, आणि ज्याला ते सोपं वाटायला लागतं त्याला हत्यार देऊ नये असं माझं मत आहे.

आता ताब्यातल्या आरोपीबद्दल. कैदी पार्टीत, म्हणजे कैद्याला ने-आण करणाऱ्या तुकडीत, आम्हाला जुन्या जमादारांनी पहिली गोष्ट शिकवली ती ही, की ज्याच्या हातात बेडीची दोरी त्याच्या कमरेला हत्यार नको. हत्यारवाला हाताच्या टप्प्याबाहेर बसणार. पिस्तुलाला लॅनयार्ड म्हणजे दोरी असते, ती पट्ट्याला अडकवलेली असते, ती हिसकाहिसकी होऊ नये म्हणूनच. त्यामुळे आरोपीने पिस्तूल हिसकावलं असं ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो, त्याला ते हाताशी मिळालं कसं? खरंच हिसकावलं असेल तर एस्कॉर्टची घोडचूक आहे, त्याची स्वतंत्र चौकशी व्हायला हवी. हिसकावलं नसेल तर मग बोलायलाच नको.

बदलापूरच्या गाडीत काय झालं ते मी पाहिलेलं नाही, त्यावर बोलणार नाही.

केवडा

काका, लिहीत राहा. असे प्रतिसाद वाचायलाच इथे येते.

धनुष_पाटील

ते सगळं ठीक, पण मारायचंच नव्हतं तर पायावर का नाही मारत? एवढा साधा प्रश्न आहे.

नेमबाज_सातपुडा

साधा नाही. मी बरीच वर्षं स्पर्धांसाठी पिस्तूल चालवतोय. कागदी लक्ष्य हलत नाही, माझ्यावर धावून येत नाही, आणि तरीही माझा नेम चुकतो. धावणाऱ्या माणसाचा पाय म्हणजे हाताएवढी रुंद, सतत जागा बदलणारी वस्तू. छाती धडधडत असताना तिथे गोळी लागेलच असं कुणी शपथेवर सांगू शकत नाही. चुकलेली गोळी रस्त्यावर आपटून कुठेही उसळते. आणि लागली तरी मांडीतून मोठी रोहिणी जाते, ती फुटली तर माणूस काही मिनिटांत रक्तस्रावाने मरू शकतो. म्हणून बहुतेक ठिकाणी पोलिसांना धडाच्या मध्यावर नेम धरायला शिकवतात.

चाकूबद्दलही तेच. अमेरिकेतले पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये मांडलं होतं की २१ फुटांवरचा चाकूधारी माणूस साधारण दीड सेकंदात अंगावर येतो. तेवढ्यात पिस्तूल म्यानातून काढून झाडणं जेमतेम जमतं. 'चाकूच तर होता' म्हणणाऱ्यांनी एकदा रिकाम्या मैदानात मित्राला पळायला लावून बघावं.

पारिजात७

आमच्या घरी कालच करून पाहिलं, पट्टी घेऊन. माझा मुलगा माझ्या अंगावर येऊन आदळला तेव्हा माझा हात अजून खिशातच होता. आता पाठ शेकतोय, पण मुद्दा पटला :)

ॲड_शर्वरी

नेमबाज, तांत्रिक बाजू पटली. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष धनुष यांच्या प्रश्नाच्या पलीकडचा आहे. पायावर झाडलेली गोळीसुद्धा जीवघेणंच बळ. म्हणजे जिथे जीव घेणं समर्थनीय नाही तिथे पायावर झाडणंही नाही. उत्तर प्रदेशात 'हाफ एन्काउंटर' हा शब्द रुळलाय, आरोपीच्या गुडघ्याखाली गोळी. त्यात धोका रोखण्यापेक्षा कायमचा अधू करण्याची शिक्षा जास्त दिसते, आणि शिक्षा देण्याचं काम पोलिसांचं नाही.

ट्युलरचा दाखलाही दोन्हीकडे चालतो. २१ फूट धोक्याचे असतील तर ४० फुटांवर थांबा, गाडी मध्ये घ्या, ढाल वापरा, बोलत राहा. स्वतःच जवळ जाऊन धोका ओढवून घ्यायचा आणि मग तोच धोका गोळीचं कारण म्हणून सांगायचा, हे तपासात बघितलं गेलंच पाहिजे.

उत्तरेकडून

मी ब्रिटनमध्ये राहतो. इथल्या बहुतेक पोलिसांकडे बंदूक नसतेच, सशस्त्र तुकड्या वेगळ्या. तरीही चुका होतात. जुलै २००५ च्या बॉम्बस्फोटांनंतर, २२ जुलैला लंडनच्या स्टॉकवेल स्थानकात ज्याँ शार्ल द मेनेझेस या ब्राझिलियन तरुणाला आत्मघाती हल्लेखोर समजून पोलिसांनी ट्यूबच्या डब्यात डोक्यात गोळ्या घालून मारलं. तो इलेक्ट्रिशियन होता, कामावर निघाला होता. पाळत ठेवणाऱ्यांना त्याची ओळख नीट पटलेली नव्हती आणि ती शंका शेवटपर्यंत योग्य माणसापर्यंत पोचलीच नाही. गोळी झाडणाऱ्यांना खरंच वाटत होतं की हा बॉम्ब उडवणार.

माझा प्रश्न: भीती प्रामाणिक होती, पण चुकीची होती. मग ते समर्थनीय का?

निवृत्त_फौजदार

झाडणाऱ्या शिपायापुरतं, कदाचित हो. त्याला ती माहिती देणाऱ्यांपुरतं, नाही. आपल्याकडे उलटं होतं. शेवटी ज्याच्या हातात हत्यार तोच अडकतो, हुकूम देणारा पुढच्या पोस्टिंगवर.

सिद्धार्थ_जा

जमावाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

११ जुलै १९९७, घाटकोपर, माता रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर उतरले. राज्य राखीव दलाने गोळीबार केला, १० माणसं मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, असं सांगितलं गेलं. गुंडेवार आयोगाने हा गोळीबार अनावश्यक ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला जन्मठेप सुनावली. १९९७ ते २००९. बारा वर्षं.

मृण्मयीताई, तारखांचा थकवा आम्हालाही माहीत आहे. फरक एवढाच की आमच्या बाजूला गोळी खाल्लेली माणसं होती आणि त्यांच्यावर फुलं उधळायला कुणी आलं नाही. एन्काउंटरला टाळ्या वाजवणाऱ्याला वाटतं की गोळी नेहमी 'त्यांच्या'कडे जाणार. ती कुठे जाते ते आमच्या वस्त्यांना विचारा. २०११ मध्ये मावळात पाण्याच्या पाइपलाइनविरोधात आंदोलन करणारे तीन शेतकरी गोळीबारात गेले, त्यांच्या घरच्यांना विचारा.

रानवारा

सिद्धार्थ, हे लिहिलंस ते फार बरं केलंस.

धनुष_पाटील

जमाव आणि बलात्काराचा आरोपी यांची तुलना मला मान्य नाही. जमावात निरपराध असतात. आरोपी तोच असतो.

ॲड_शर्वरी

'आरोपी तोच असतो' हे ठरवण्यासाठीच खटला असतो, धनुष. हैदराबादचंच घ्या. ६ डिसेंबर २०१९ ला चार आरोपी मारले गेले. सर्वोच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आयोगाला पोलिसांची हत्यारं हिसकावल्याची कथा विश्वासार्ह वाटली नाही. ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या असा निष्कर्ष निघाला आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा अशी शिफारस झाली. चारपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असंही आयोगाने नोंदवलं. त्या डॉक्टर मुलीवर अत्याचार याच चौघांनी केला का, कुणाचा वाटा किती, आणखी कुणी होतं का, हे आता कोणत्याच न्यायालयात सिद्ध होणार नाही. तिच्या आईवडिलांनाही ते कधी कळणार नाही.

दुसरं उदाहरण मुंबईतलं. ११ नोव्हेंबर २००६ ला लखनभैया नावाच्या माणसाला वाशीहून उचललं आणि त्याच संध्याकाळी वर्सोव्यात 'चकमकीत' मारलं. त्याचा भाऊ वकील होता. उचलल्याचं कळताच त्याने पोलीस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले होते. चकमकीच्या आधीच्या वेळेचे ते कागद पुढे न्यायालयात बोलले. १९ मार्च २०२४ ला उच्च न्यायालयाने पोलिसांची जन्मठेप कायम केली आणि सुटलेल्या माजी अधिकाऱ्यालाही दोषी ठरवलं. भाऊ वकील नसता तर? फॅक्स नसता तर? पोलिसांच्या नोंदीत ती आजही एक यशस्वी चकमक असती.

केवडा

मला यात कायम ओंबळे आठवतात. २६/११ ला गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत दोन अतिरेकी होते. इस्माईल पोलिसांच्या गोळीने मेला, आणि त्याबद्दल कुणाच्याही मनात प्रश्न नाही. रात्रभर माणसं मारत आलेला, हातात हत्यार. दुसऱ्याच्या, कसाबच्या, रायफलची नळी तुकाराम ओंबळ्यांनी हातात लाठी असताना पकडली आणि पोटात गोळ्या घेतल्या, पण सोडली नाही. बाकीच्या पोलिसांनी त्याला लाठ्यांनी झोडपून पकडलं. त्या क्षणी त्याला गोळी घातली असती तर कुणी विचारलं नसतं. पण एकदा तो निपचित पडल्यावर त्यांनी झाडली नाही. म्हणून कट कुठे शिजला ते कळलं, जगासमोर खटला चालला, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली.

एकाच नाक्यावर, काही मिनिटांत, दोन्ही उत्तरं मिळतात.

निवृत्त_फौजदार

केवडाताई, डोळ्यांत पाणी आणलंत. ओंबळेसाहेब आमच्याच पिढीचे.

मृण्मयी_क

मी सगळं वाचलं. सिद्धार्थ, तुमचं दोनदा वाचलं. बनावट चकमकीचं समर्थन मी करणार नाही. पण माझा राग कमी झालेला नाही. ज्या व्यवस्थेला खटला चालवता येत नाही तिने 'खटला चालवू द्या' म्हणणं मला पटत नाही.

उत्तरेकडून

अनिकेतच्या पहिल्या पोस्टमधला पळणारा चोर राहिलाच की. शर्वरीताई?

ॲड_शर्वरी

नि:शस्त्र चोरावर गोळी नाही, हे आपल्याकडे कलम ४३ वरूनच स्पष्ट आहे. अमेरिकेत यावर मोठा खटला झाला. १९७४ मध्ये मेम्फिसला एक १५ वर्षांचा मुलगा घरफोडी करून कुंपणावरून उडी मारत होता. तो नि:शस्त्र आहे असं पोलिसाला बऱ्यापैकी दिसत होतं. तरीही निसटू नये म्हणून डोक्यात मागून गोळी घातली. त्याच्याकडे एक पर्स आणि दहा डॉलर सापडले. तेव्हाच्या राज्य कायद्याने हे चालत होतं. १९८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, चालणार नाही. पळणारा सुटला तर कुणाला गंभीर इजा करेल असं मानायला सबळ कारण हवं, नाहीतर त्याला पळू द्या. १९९० मध्ये हवानाच्या परिषदेत संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेली तत्त्वं याहून कडक आहेत: जाणूनबुजून जीव घ्यायचा तो फक्त जीव वाचवण्यासाठी, अगदी अटळ असेल तेव्हाच.

निवृत्त_फौजदार

'पळू द्या' हे लिहायला सोपं आहे. पळालेल्याचा जाब आम्हाला द्यावा लागतो, निलंबन आमचं होतं. आरोपी पळाला तर शिपाई निलंबित आणि आरोपी मेला तर शिपाई हिरो, हे जोवर आहे तोवर गोळीकडे कल राहणार. आधी हे बदला. आणि कैदी नेणाऱ्या प्रत्येक गाडीत कॅमेरा बसवा. प्रामाणिक पोलिसाला त्याचाच सगळ्यात मोठा आधार आहे.

ॲड_शर्वरी

काका, शंभर टक्के. २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांत, कोठडीसकट, सीसीटीव्हीचे आदेश दिले. गाडी ही चालती कोठडीच आहे, तिथेही तोच नियम हवा.

मृण्मयीताई, परत येते म्हटलं होतं. मैत्रिणीची केस पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, आहे का? असेल तर साक्षीच्या वेळी मूल आरोपीच्या नजरेला पडू नये ही न्यायालयाची जबाबदारी आहे, कलम ३६. पडदा किंवा व्हिडिओवरून साक्ष मागता येते. मुलीला पुन्हा पुन्हा साक्षीला बोलावू नये हे कलम ३३ मध्ये आहे, आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवावा हे कलम ३५ मध्ये. पाळलं जात नाही, हे तुमचं खरं. पण अर्ज दिला की न्यायाधीशांना त्यावर आदेश करावा लागतो.

मृण्मयी_क

पोक्सोच आहे. यातलं कुणी काही सांगितलंच नाही आम्हाला. समोरच्या बाकाबद्दलही अर्ज करता येतो?

ॲड_शर्वरी

येतो. पोक्सोचा खटला बंद दालनात चालायला हवा, आरोपीच्या नातेवाइकांना तिथे बसायचं कारणच नाही. कलम ४० प्रमाणे कुटुंबाला स्वतःचा वकील देता येतो, ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत. केस नंबर आणि पुढची तारीख व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, अर्जाचा मसुदा मी करून देते.

मृण्मयी_क

व्यनि केलाय.